दहापैकी पाच

डॉक्टरबाईंनी एकतीस वर्षांत हजारो दात उपटले, पण एक अपवाद सोडला तर दुखेल असं एकाही माणसाला सांगितलं नाही. "मुंगी चावल्यासारखं वाटेल," एवढंच त्या म्हणायच्या. मग माणूस खुर्चीचे हात गच्च धरून छताकडे डोळे लावायचा, आणि ही कुठली मुंगी, असं विचारायला त्याचं तोंड मोकळं नसायचं.

याला कारण होतं. दवाखाना नवा असताना त्यांनी एकदा खरं बोलून पाहिलं होतं. दाढ किडलेल्या एका धिप्पाड सुताराला त्यांनी स्वच्छ सांगितलं, की बऱ्यापैकी दुखणार आहे. सुतार "येतो" म्हणाला आणि गेला. बाहेरच्या बाकावर तिघे बसले होते, ते त्याचा चेहरा बघून त्याच्या मागोमाग गेले. त्या दिवशी डॉक्टरबाई अंधार पडेपर्यंत रिकाम्या खुर्चीकडे बघत बसल्या, आणि खरं बोललं की समोरचा उठून जातो, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली.

घरीही तेच. लग्नाआधी नवऱ्याने स्वभाव कसा आहे म्हणून विचारलं, तर "तसा शांत आहे" म्हणाल्या. त्यातल्या 'तसा'चा अर्थ लागायला त्याला आठ महिने आणि काचेचा एक जग लागला. तेव्हापासून बायको जो आकडा सांगेल त्यात चार मिळवायचे, असा त्याचा हिशेब होता, आणि संसार सुखाचा चालला होता.

पत्त्यांचं वेड त्यांना दवाखान्यातच लागलं. रडणाऱ्या मुलांसाठी त्या चित्रांच्या पत्त्यांची पाकिटं आणून ठेवायच्या. राक्षस, मांत्रिक, उडते किल्ले, आणि प्रत्येकाखाली तो काय करू शकतो ते बारीक अक्षरात. तोंड उघडलं की एक पत्ता मिळायचा. मुलांना साधे पत्ते मिळायचे. चमकणारे, सहसा न सापडणारे पत्ते का कोण जाणे बाईंच्या खणातच राहून जायचे. दोन पेशंटांच्या मध्ये त्या ते वाचू लागल्या, मग जमवू लागल्या, आणि वर्षभरात शंभर पत्त्यांची स्वतःची गड्डी रचून त्या शनिवारच्या टेबलावर जाऊन बसल्या.

हे टेबल स्टेशनरीच्या दुकानामागच्या खोलीत होतं. भोवती वह्यांचे गठ्ठे, वर एक कुरकुरणारा पंखा आणि चार खुर्च्या. एकीवर बस डेपोचे टाइमकीपर, दुसरीवर शाळेतले चित्रकलेचे मास्तर, तिसरीवर औषधांच्या दुकानातल्या केमिस्टबाई आणि चौथी डॉक्टरबाईंची. या खेळात सगळ्यांचा मिळून एक कॅट नसतो. ज्याने त्याने आपल्या कमीजास्त जोराच्या एकदोन गड्ड्या घरून रचून आणायच्या. आता एकाची तलवार आणि दुसऱ्याची फूटपट्टी असली तर त्या लढाईत राम राहत नाही. म्हणून खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपल्या गड्डीचा जोर दहापैकी किती ते सांगायचं, आणि त्या बेताची गड्डी बाकीच्यांनी पिशवीतून काढायची. जिंकून मिळत काहीच नव्हतं. दुपार रंगली म्हणजे झालं, आणि ती रंगण्याची सगळी भिस्त या आकड्यावर.

मास्तर नेहमी "सात" म्हणायचे. शाळेत ते प्रत्येक चित्राला दहापैकी सातच द्यायचे, मग कागदावर डोंगर असो की डाग. टाइमकीपर "सहा पूर्णांक दोन" म्हणायचे आणि ते खरोखर तेवढंच असायचं. केमिस्टबाई "तुमचं ऐकते, मग काढते" म्हणत, चिठ्ठी बघून औषध काढावं तशा. आणि डॉक्टरबाई दर शनिवारी, न चुकता, "पाच. साधीच आहे हो."

शेवटी एका शनिवारी ठिणगी पडली. चहा आला होता, कपांवरची वाफही गेली नव्हती, आणि डॉक्टरबाईंनी चौथ्याच खेपेला तीन तोंडांचा राक्षस टेबलावर ठेवून तिघांनाही गारद केलं. वर म्हणाल्या, आज नशीब जोरात होतं. गेली दोन वर्षं त्या हेच म्हणत होत्या. टाइमकीपरनी घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती. हा माणूस बावीस वर्षं ड्रायव्हर लोकांकडून बस का उशिरा आली ते ऐकत आला होता, त्याला नशीब वगैरे सांगण्यात अर्थ नव्हता.

"डॉक्टरबाई," ते म्हणाले, "आम्ही आठवडाभर या दोन तासांची वाट बघतो. खरा आकडा सांगता येत नसेल, तर पुढच्या शनिवारी येऊ नका."

मास्तर आपल्या कपात बघू लागले. केमिस्टबाई पिशवी आवरत राहिल्या. असं नका बोलू, असं कुणीही म्हणालं नाही, आणि डॉक्टरबाईंना लागलं ते तेच.

पुढच्या शनिवारी त्यांनी घरातली सगळी कपाटं आवरली. त्याच्या पुढच्या शनिवारी ती पुन्हा आवरली. नवऱ्याचा चष्मा, पट्टा आणि गॅसचं पुस्तक अशा ठिकाणी गेलं, की तो रडकुंडीला आला. नऊ आहे तर नऊ म्हणून टाक, त्यात काय जातं, असं तो म्हणाला.

"नऊ म्हटलं तर समोर बसेल कोण?" बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. यात किती मिळवायचे ते नवऱ्याला कळेना.

मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या दारात टाइमकीपर उभे. गाल हाताने धरलेला, रात्रभर झोप नाही. अक्कलदाढ आडवी आली होती. शहाण्या माणसाने अशा वेळी झालं गेलं विसरावं, पण दुखऱ्या दाढेला शहाणपण नसतं. खुर्चीत टेकले, गळ्यात कागदी रुमाल बांधून घेतला आणि विचारलं, "दहापैकी किती दुखेल?"

मुंगी बाईंच्या जिभेच्या टोकावर आली होती. पण समोर बसलेला माणूस कोण, ते आठवलं आणि जीभ अडली. मग त्या एका दमात बोलून गेल्या. सुई तीन. काढताना सहा, साधारण वीस मिनिटं. भूल आणि पहिली गोळी उतरली की त्या संध्याकाळी सातच्या सुमाराला आठ. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापैकी सात. तिसऱ्या दिवशी पाच. मग उतरत जाईल.

टाइमकीपर उठले आणि गेले, गळ्यात रुमाल तसाच.

"बाई, आपला रुमाल गेला," मदतनीस म्हणाली. डॉक्टरबाईंना मात्र रुमालाचं काही नव्हतं. एकतीस वर्षांनी खरं बोलल्या, आणि पुन्हा तीच रिकामी खुर्ची. त्यांना सुताराचा राग आला, टाइमकीपरचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला.

बुधवारी दवाखाना उघडला तेव्हा पायरीवर टाइमकीपर बसले होते. हातात एक कागद. त्यावर पट्टीने रेघा मारून तक्ता आखला होता आणि वेळेसमोर आकडे लिहिले होते.

"घाबरलो म्हणून पळालो," ते म्हणाले. "मग घरी जाऊन हे लिहून काढलं. आता काढा. संध्याकाळची आणि उद्याची सुट्टी टाकलीय, तुमच्या आकड्यांप्रमाणे. इतकी वर्षं डेपोत आहे बाई, पण कधी काय येणार ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं."

दाढ निघाली. संध्याकाळी सात वाजून दोन मिनिटांनी बाईंचा फोन वाजला. "आठ," पलीकडून टाइमकीपर सुजल्या तोंडाने म्हणाले. "दोन मिनिटं लेट." आणि फोन ठेवला. शुक्रवारी पुन्हा फोन आला. पाच आलं आहे, उद्या खेळायला या.

शनिवारी डॉक्टरबाई गेल्या. टाइमकीपरचा एक गाल दुसऱ्याच्या दीडपट होता. मास्तर सात म्हणाले, टाइमकीपर सहा पूर्णांक दोन म्हणाले, आणि तिघांनी बाईंकडे पाहिलं. पाच म्हणणं किती सोपं होतं. दाढ दुखत असलेला माणूस परत येतोच, त्याला दुसरी वाट नसते. पण पत्ते खेळायला कुणाला कुणाची सक्ती आहे?

"नऊ," त्या म्हणाल्या. "साडेनऊच धरा. आणि तो राक्षस नशिबाने येत नाही. तो चौथ्या खेपेला यावा अशीच मी रचलीय."

पंखा कुरकुरत होता. मास्तरांची खुर्ची मागे सरकली आणि बाईंना तो सुतार आठवला. पण मास्तर नुसते ताठ बसले होते. आता खरंच सांगायचं चाललं आहे, तर आपली गड्डी कधीच सात नव्हती, चार होती, असं ते म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले. डॉक्टरबाईंनी पर्समधून आपली दुसरी गड्डी काढून त्यांच्यापुढे ठेवली. हिचा जोर किती, मास्तरांनी भीतभीत विचारलं. आठ, बाई म्हणाल्या, आणि या खेपेला शब्द सहज आला. टाइमकीपरनी सहा पूर्णांक दोन खिशात घातली आणि आठ पूर्णांक नऊ बाहेर काढली.

राहिल्या केमिस्टबाई. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, छत्री बाजूला केली, डबा बाजूला केला आणि अगदी तळातून रबर लावलेली एक गड्डी वर काढली. रबर इतकं जुनं झालं होतं, की हात लावताच तुटलं.

"दोन वर्षं ही घेऊन येतेय आणि तशीच परत नेतेय," त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या. "नऊ आहे. सांगितलं तर तुम्ही सगळे उठून जाल, असं वाटायचं."

त्या दिवशी खेळ दोन तास दहा मिनिटं चालला, आणि सगळ्यांत आधी हरल्या त्या डॉक्टरबाई.