डोंगरावर न्यायच्या अकरा वस्तू

कंपनीने मला व्हीआरएस दिली, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे मला घरी बसवलं. चाकणच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं मी फायनल इन्स्पेक्शनला होतो. गाडीचे सुटे भाग लाइनवरून फिरत फिरत शेवटी माझ्या टेबलावर यायचे. मी माप घ्यायचो, कडेवरून बोट फिरवायचो आणि ओकेचा शिक्का मारायचो. न तपासता एकदाही मारला नाही. मग माझ्या टेबलावर एक कॅमेरा बसवला. तो चहाला जात नव्हता, त्याला पाठदुखी नव्हती. निरोपाला मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. शिफ्टच्या भोंग्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला घड्याळ देणाऱ्यांच्या अकलेला काय म्हणावं!

तेव्हाच ठरवलं की रानात जाऊन एकट्याने राहायचं. निदान चाळीस दिवस. भोंगा नाही, साहेब नाही, आणि सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तर नाहीच नाही. जागा शोधायची गरज नव्हती. आमची खालची सगळी जमीन एमआयडीसीत गेली, पण राजगुरुनगरच्या पश्चिमेला, धरणाच्या वरच्या अंगाला डोंगराचा एक तुकडा आमच्याकडे उरला होता. तिथे नीट पीक येत नाही, रस्ताही नव्हता, म्हणून कोणी मागितला नाही. सातबाऱ्यावर माझं आणि थोरल्या भावाचं नाव. आमच्यात चौदा वर्षांचं अंतर आहे. वडील गेल्यावर त्याने मला शिकवलं, कंपनीत चिकटवलं, माझं लग्न लावलं. त्याला मी दादा म्हणतो आणि अहोजाहो करतो.

तयारीला दीड वर्ष लागलं. हसू नका. मोशीच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहून रानात राहायची तयारी करणं सोपं नसतं. पहिली यादी सदतीस वस्तूंची झाली. ती बघून मलाच लाज वाटली. एवढं न्यायचं तर टेम्पोच करायचा. मग कंपनीतलाच नियम लावला. आमच्याकडे महिनाभर हात न लागलेल्या वस्तूला लाल टॅग बांधून बाहेर काढत. मी गॅलरीत ताडपत्री टाकून राहू लागलो. तिथेच झोपायचं, तिथेच वीट मांडून भाकरी भाजायची, आणि जी वस्तू लागली नाही तिला टॅग. बायको दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "मला कधी बांधताय टॅग?" मी हसलो. ती हसली नाही.

चकमकीने विस्तव पाडायला शिकलो ते सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर, सुबाभळीच्या आडोशाला. अंगठ्याची सालटी निघाली, पण तीन आठवड्यांनी कापूस पेटला. त्या आनंदात होतो तोवर ग्रुपवर फोटो आला, की तिसऱ्या मजल्यावरचे काका कचरा जाळत आहेत, कृपया समज द्यावी. सेक्रेटरीने समज दिली. मी चौपन्न वर्षांचा माणूस, मान खाली घालून ऐकून घेतली. देहूरोडला जुना लष्करी माल विकणारा एक दुकानदार होता. त्याच्याकडून पाण्याची बाटली आणि जाड ताडपत्री घेतली. तो विचारायचा, "साहेब, ट्रेकिंग ग्रुप आहे का?" मी नाही म्हणायचो. शनिवारी-रविवारी तंबू ठोकून, गिटार वाजवून, कोंबडी भाजून परत येणाऱ्यांतला मी नव्हतो, आणि त्यांच्यात मला मोजलं की माझं टाळकं सरकायचं.

दादाला सगळं ठाऊक होतं. दर सणाला मी त्याच्याकडे गावी जायचो आणि यादी कुठवर आली ते सांगायचो. "बावीसवर आलोय दादा." "सतरावर आलो. माणसाला लागतं किती!" तो पानाला चुना लावत ऐकायचा आणि म्हणायचा, "आरं, कंपनीनं काढल्याली मानसं देवळात बसत्यात, तू डोंगरात बसतोस. बस." यात कुठे नकार होता, तुम्हीच सांगा.

गुढीपाडव्याच्या आधी त्याचा फोन आला. गावातल्या घराला वारसाची नावं लावायचं काम राहिलंय, राजगुरुनगरला ये. मी गेलो. नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात आम्ही दोन तास बसलो. दादाने सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारून आणल्या होत्या. मी फुलीवर सही करत गेलो. वाचलं नाही.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगता येत नाही. आमच्या घरांत थोरल्याने पुढे केलेला कागद धाकटा वाचत नाही. वाचला तर अर्थ एकच होतो, की तुझ्यावर माझा भरोसा नाही. माझ्या चुलत्याने एकदा असा कागद वाचायला घेतला होता, तर त्याच्या भावाने कागद तिथेच फाडला आणि पुढे मरेपर्यंत त्याच्या दारात पाऊल टाकलं नाही. बोल्टचा आटा भिंगाखाली धरून बघणारा मी, दादाच्या समोर मात्र भराभर सह्या ठोकत होतो, आणि आपण किती चांगला भाऊ आहोत असं वाटून सुखावतही होतो. आत फोटो काढला, अंगठा घेतला. खुर्चीवरच्या माणसाने विचारलं, "दस्त वाचून पाहिलाय ना?" दादा शेजारी उभा होता. मी म्हणालो, "हो."

नंबर यायची वाट बघताना कंटाळा आला, म्हणून त्याच कागदांची एक जादा झेरॉक्स उलटी करून मी पाठीमागे यादी लिहीत होतो. त्या दिवशी ती अकरावर आली. कोयता, पातेलं, घोंगडी, मीठ, बाजरीचं पीठ. शिवणाच्या सुईसाठी मनाशी फार वेळ भांडलो आणि ती ठेवली. झेरॉक्सची घडी करून खिशात घातली.

पावसाळा सरला, तुळशीचं लग्न झालं आणि मी निघालो. बायकोने डबा दिला, तो यादीत नव्हता. बसने राजगुरुनगर, पुढे जीप, पुढे पायी. तासभर चढून वर आलो तर रस्ता. मुरूम टाकून रोलर फिरवलेला, लाल, रुंद रस्ता. त्याच्या टोकाला लोखंडी गेट, दोन्ही अंगांना तारेचं कुंपण आणि पाटी. निसर्गाच्या कुशीत फार्महाऊस प्लॉट. कोणाच्या तरी डोंगरावर चुकून आलो असं वाटून मी मागे वळून धरण बघितलं, समोरचा सुळका बघितला. डोंगर आमचाच होता.

गेटमधून वॉचमन आला. तिशीतला, मराठवाड्याकडचा, अंगावर ढगळ निळा शर्ट. "कुनाला भेटायचंय साहेब?" मी म्हणालो, ही माझी जागा आहे. त्याने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं आणि मालकाचं नाव सांगितलं. ते मी कधी ऐकलेलं नव्हतं. मग मी खिशातली यादी काढली आणि उलटी केली. कुलमुखत्यारपत्र. मी माझा हिस्सा विकण्याचा पूर्ण अधिकार दादाला दिला होता, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय. मागे सुई, पुढे हे.

एका मोठ्या दगडावर उभं राहिलं की रेंज येते, असं वॉचमनने सांगितलं. त्या दगडावर उभा राहून मी दादाला फोन लावला. त्याने काही लपवलं नाही. "इकला. व्हय. तुजा वाटा येगळा काढून ठिवलाय, कवाबी ने." मी म्हणालो, दादा, मी इथे राहायला येणार होतो, तुम्हाला माहीत होतं. तो म्हणाला, "तूच म्हंतोस न्हवं, मानसाला लागतं किती? मंग तुला आख्खा डोंगर कशाला लागतोय?"

त्याने वाट्यात फसवलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. फोन ठेवून मी त्या दगडावर बसलो आणि रडलो. चौपन्नाव्या वर्षी कसं रडायचं हे विसरलेलं असतं, ते वाईट दिसतं. वॉचमन जरा लांब जाऊन पाठमोरा उभा राहिला.

नंतर त्याने मला त्याच्या पत्र्याच्या खोपटात नेलं. आत एक पातेलं, एक चादर, पाच लिटरचा कॅन, पिठाचा डबा, मिठाची पुडी, सुरी, काडेपेटी. मी सवयीने मोजत गेलो आणि माझ्या अकराच्या आधीच थांबलो. वीज नव्हती. तो चार महिने इथे एकटा होता. त्याआधी चाकणला एका कंपनीत कंत्राटावर होता, सात महिन्यांनी ब्रेक दिला, परत बोलावलं नाही. माझी दीड वर्षांची तयारी ऐकून तो हसला नाही, त्याला ती समजलीच नाही. "हौसेनं?" त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला, "कंपनीत वळख आसंल ना तुमची? कुटं चिकटवता का साहेब मला?" ज्या गेटातून मला बाहेर काढलं होतं त्या गेटात त्याला जायचं होतं. मी म्हणालो, आता तिथे माझं कोणी ऐकत नाही.

पाणी प्यायला खाली गेलो. हिरड्याच्या बुडाशी कपारीतून झरतं, तिथे वडिलांनी मला लहानपणी ओंजळ धरायला शिकवलं होतं. आता भोवती सिमेंटचा हौद होता, पाणी तेच होतं.

दुपारी वॉचमन घुटमळत आला. गावाकडे त्याच्या लेकराला चार दिवस ताप होता आणि एजन्सी बदली माणूस देत नव्हती. "तुमी ऱ्हायलाच आलाव ना साहेब? मंग दोन दिस ऱ्हावा. मी जाऊन येतो." यात चूक काहीच नव्हती. मी राहायलाच आलो होतो. त्याने अंगातला निळा शर्ट काढून मला दिला, टोपी दिली, किल्ली दिली. जाताना मी त्याला माझ्या बायकोने दिलेला डबा दिला.

तर अशा रीतीने मी माझ्या डोंगरावर राहिलो. चकमक पेटली, भाकरी जमली, थंडी बेताची होती. जे जे शिकलो होतो ते ते सगळं बरोबर आलं, आणि कशातच चव नव्हती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला पांढरी मोठी गाडी गेटसमोर येऊन हॉर्न वाजवू लागली. मी टोपी घालून धावलो. धावलो हे खरं आहे, हॉर्न ऐकून पाय आपोआप निघाले. कुलूप काढलं, गेट ओढलं. गाडीतून गॉगल लावलेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको उतरली. पुढच्या सीटवरून पांढरे कपडे घातलेला दादा उतरला. विकून झाल्यावर आता तो गिऱ्हाइकं आणत होता.

त्याने मला ओळखलं. चेहऱ्यावरून रक्त उतरलं त्याच्या. मी बोलेन या भीतीने तो माझ्याकडे बघत होता, आणि मी बोलायला तोंड उघडलंही होतं. त्या बाईंनी विचारलं, "हा एकटाच राहतो इथं? भीती नाही वाटत याला?"

दादा डोंगराकडे बघत म्हणाला, "सवय आस्ती या लोकान्ला."

मी टोपी डोळ्यांवर ओढली. वॉचमनची नोकरी जाऊ नये म्हणून गप्प बसलो, असं नंतर बायकोला सांगितलं. ते खोटं आहे. त्याची आठवणसुद्धा त्या क्षणी मला नव्हती. चारचौघांत दादाची मान खाली जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं. त्याने मला विकलं होतं, वर परकं केलं होतं, आणि मी त्याची अब्रू सांभाळत होतो.

गृहस्थांनी सगळं फिरून बघितलं. परत येताना माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "एजंट लोक काहीही सांगतात. तू इथला आहेस, तू खरं सांग. पाणी उन्हाळ्यात टिकतं का?"

दादा त्यांच्या मागे उभा होता. नाही, एवढंच म्हटलं असतं तर सौदा मोडला असता. पण मी ते पाणी भर वैशाखात प्यायलेलो होतो.

"टिकतं साहेब," मी म्हणालो. "कधीच आटत नाही."

गृहस्थ खूश झाले आणि त्यांनी तिथेच दादाचा हात हातात घेऊन व्यवहार पक्का केला.