बाबांच्या निबची खरखर

सांगायची सोय नाही, पण चहा समोर आलाच आहे तर सांगतो. माणूस चांगलं करायला गेला की केवढं वाईट करून बसतो, त्याचा नमुना तुमच्यापुढे बसलाय.

बाबा आमचे निवृत्त हेडमास्तर. घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. पायांतली ताकदही गेली. धरल्याशिवाय उठता येत नाही. उरला तो लिहिता हात, मांडीवरचं पॅड आणि जुनं शाईचं पेन. पाणी हवं, लिहितात. आमटी खारट झाली, तेही लिहितात आणि खाली रेघ मारतात.

मी म्हटलं, बाबा, उशाशी घंटी ठेवू का? त्यांनी लिहिलं, "घंटा शिपायाने द्यायची असते." टाळ्या वाजवणं, पलंग बडवणं तर लांबच. ज्यांनी उभ्या आयुष्यात वर्गात टेबलावर हात आपटला नाही, ते घरात काय आपटणार?

तर त्या पेनाची निब. पडून पडून टोक फाकलेलं. लिहायला लागले की खर्र, खर्र. कोंबडी पत्रा उकरतेय असं वाटायचं. मी सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसूनच ऑफिसचं काम करतो. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे सुतारकाम चालू आहे का?" त्याच दिवशी ठरवलं, या निबचा बंदोबस्त करायचा.

आमच्याच शहरात, नागापूरला कंपनीत कामाला असलेले एक गृहस्थ सुट्टीच्या दिवशी घरी निब दुरुस्त करून देतात. पेन घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं.

"कोन लिहितं ह्यानं?"

"वडील."

"मंग त्यांनाच आना की. ज्याचा हात त्याची निब. म्होरं बसून चार वळी लिहिल्या की मला कळतं."

"त्यांना आणणं अवघड आहे. मी लिहून दाखवतो. घराणं एकच."

"आवाज थोडा ठिवू का? काहींना लागतो."

"अजिबात नको."

"तुमी म्हनाल तसं." त्यांनी घासली, पुसली, पुन्हा घासली. "घ्या. आता लिहिलेलं कागदालाबी कळायचं न्हाई."

घरी बाबांनी दोन ओळी लिहून पाहिल्या. पेन लोण्यासारखं चाललं. त्यांनी मान हलवली आणि मी असा फुशारलो की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी आई भाजी आणायला निघाली. "बाबांकडे कान ठेव," म्हणाली. आता तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या आलं नाही. मी बाबांच्याच खोलीत, त्यांच्याकडे पाठ करून, लॅपटॉप उघडून बसलो. कान ठेवला होता हो. काही ऐकूच येईना. घर कसं शांत. त्या आनंदात मित्राला फोन लावला. "अरे, निब अशी करून आणलीय, माणूस लिहितोय हेसुद्धा कळत नाही." हे मी बाबांच्या देखत सांगत होतो आणि वर हसत होतो.

आई आली. पिशवी दारातच ठेवून आत धावली.

"अरे, चादर ओली झालीय त्यांची."

मी वळलो. बाबा भिंतीकडे बघत होते. वर्गात एखाद्या पोराची चड्डी ओली झाली तर कुणाला कळू न देता त्याला घरी पोचवणारा हा माणूस.

"खरखर ऐकली की मी हातातलं टाकून येत होते," आई म्हणाली. "तेवढीच तर हाक होती त्यांची. तुला आली नाही ऐकू?"

कुठून येणार? ती हाक मीच घासून आणली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चादर बदलताना पॅड हाती आलं. वर लिहिलं होतं, "सुहास, उठव." खाली नुसतंच "सुहास." त्याखाली अक्षर मोठं करून, "अरे, घाई आहे." मग बरीच जागा सोडून, फळ्यावर लिहावी तशी वळणदार शेवटची ओळ:

"आता राहू दे. निब मात्र झकास झाली आहे."