फ्रीजमधला गेनबा

माधव गेल्याचा फोन आला तेव्हा माझा हात उपरण्याखाली होता. पाथर्डीच्या बाजारात आम्ही शेळ्यांचा भाव तोंडानं सांगत नाही. घेणारा आणि देणारा हातावर उपरणं टाकतात, खाली एकमेकांची बोटं धरतात, आणि आकडा बोटांतच राहतो. पंजा आवळला की सौदा पटला, हात सैल सोडला की मोडला. त्या दिवशी समोरचा व्यापारी माझं एकच बोट धरून अडून बसला होता, मीही हटत नव्हतो, आणि खिशातला मोबाईल वाजत होता. मी सौदा पुरा केला, मग फोन घेतला. माधवच्या बायकोचा, सुधावहिनींचा होता. "गेनबाभावजी, हे गेले," एवढंच मला ऐकू आलं. पुढं काही म्हणाल्या असतील, पण बोकड टेम्पोत चढताना ओरडत होता...

नंतर पेपरांत बरंच आलं. तालुक्याचं भूषण, थोर संशोधक, साथीच्या रोगांवर नि लशींवर आयुष्य वेचलं, वगैरे. सगळं खरं आहे. पुरवणीवाल्यांनी मला विचारलं, तुम्ही त्यांचे बालमित्र, चार चांगले शब्द लिहा. चांगले लिहीन, पण माझं आणि त्याचं एक भांडण मिटायचं राहिलं होतं आणि ते सोडून लिहायला मला जमणार नाही. भांडण असं, की पुण्यात त्याच्या संस्थेतल्या फ्रीजमध्ये एक जंतू ठेवलेला आहे आणि त्या जंतूला माझं नाव आहे. ते नाव काढून टाक म्हणून मी त्याच्यामागं वर्षानुवर्षं लागलो होतो.

आम्ही गावच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तो गणितं सोडवून द्यायचा, मी त्याच्या वाटचा मार खायचो किंवा द्यायचो. एकदा उन्हाळ्यात ओढ्याच्या कडेला आमच्या शेळीनं दिवस भरायच्या आधीच पिल्लू टाकलं. आमच्याकडं त्याला गाभडणं म्हणतात. पोरं नाक धरून पळाली. हा मात्र उकिडवा बसला आणि काठीनं ते उलटंपालटं करत म्हणाला, "का टाकलं आसंल रं तिनं?" मी म्हणालो, "तिलाच इचार." तो बसूनच राहिला. पुढं मी दहावीनंतर एका शेळीवर धंदा सुरू केला आणि वाढवला, कुणाच्या ओंजळीनं पाणी न पिता. तो नगरला, तिथून पुण्याला गेला, डॉक्टर झाला आणि दवाखाना न टाकता संशोधनात शिरला. त्याच्या आईला हे कधी पटलं नाही. ती सगळ्यांसमोर विचारायची, "आरं, सुई देत न्हाई, गोळी देत न्हाई, मग तू डाक्टर कशाचा?" हा म्हणायचा, "जंतूंचा." म्हातारी म्हणायची, "म्हंजी त्यास्नी बरं करतो व्हय?" आम्ही हसून हसून लोळायचो.

मग ते तापाचं वर्ष आलं. आमच्या भागातली माणसं दरवर्षी ऊस तोडायला कोल्हारकडं, कारखान्यांच्या पट्ट्यात जातात. शेळ्या बरोबर नेतात. परत येताना गाभण शेळ्या विकायला काढतात आणि त्या बहुतेक माझ्याच शेळ्यांच्या वाड्यात येतात. त्या साली त्या गाभडायला लागल्या. आज एक, उद्या दुसरी. मग माणसांना ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, पहाटे अंथरूण भिजवून उतरायचा, दिवसभर माणूस बरा, पुन्हा दिवेलागणीला हुडहुडी. गावातल्या डॉक्टरांनी मलेरिया म्हणून औषधं दिली, टायफॉईड म्हणून दिली. माझा धाकटा भाऊ सदा विताना अडलेल्या शेळ्या सोडवण्यात पटाईत, त्याची कंबर अशी धरली की त्याला कूस बदलता येईना. तेव्हा मी माधवला फोन केला. लक्षात ठेवा, मी केला. कुणी सांगितलं नव्हतं.

तो एसटीनं आला, बर्फाचे डबे घेऊन. हातात दुहेरी मोजे, तोंडावर पट्टी. शेळ्यांचं रक्त घेतलं, दूध घेतलं, सदाचं रक्त घेतलं, माझंही. बायकांना म्हणाला, व्यालेल्या शेळीला उघडा हात लावू नका, व्याल्यावर पडणारी वार उघड्यावर टाकू नका, दूध कच्चं पिऊ नका. मी चिडलो. म्हणालो, "माझ्या आईनं जलमभर हातानं वार वढली, तिला कुठं मोजे हुते?" आई दारात बसली होती, जमिनीकडं तोंड करून, दहा-बारा वर्षांत ती ताठ उभी राहिली नव्हती. माधवनं तिच्याकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "म्हनूनच कंबर वाकली आसंल गेनबा."  आम्ही त्याला म्हातारपण समजत होतो...

जंतू सापडला माझ्या वाड्यातल्या तांबड्या शेळीत. रिपोर्ट वर गेला. बाजार बंद झाला. सरकारी गाड्या आल्या, माझ्या दारामागं खड्डा खणला, शेळ्या त्यात गेल्या आणि वर चुना पडला. ज्यांच्याकडून मी त्या घेतल्या ती माणसंसुद्धा रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागली. मला 'तापवाला' म्हणायला लागली. मी माधवला फोनवर नको नको ते बोललो. म्हणालो, "पैला फोन म्या केला आन पैला खड्डा माझ्याच दारात? बाकीच्यांच्या गोठ्यात काय न्हवतं का?" तो म्हणाला, "आसंल की. पन तिथनं मला कुनी बोलावलं न्हाई." माफी नाही, हळहळ नाही. शिवाय म्हणाला, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा हेच करीन. मी फोन आपटला. खरं सांगणाऱ्याच्या दारात खड्डा आणि झाकणाऱ्याच्या दारात बाजार, असा हा हिशेब माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. एक मात्र मान्य करतो, त्यानं पाठवलेल्या गोळ्यांनी गावातला ताप उतरला. सदाही उठला. पण कंबर तशीच राहिली, आईसारखी.

दोनेक वर्षं आम्ही बोललो नाही. मग बकरी ईदला पुण्यात बोकड घेऊन गेलो असताना सुधावहिनींनी जेवायला बोलावलं आणि तो मला संस्था दाखवायला घेऊन गेला. बोळातून चाललो होतो, तर एक मुलगी खोलीतून डोकं काढून मोठ्यानं म्हणाली, "सर, आज गेनबा मस्त वाढलाय!" मी थांबलो. माधवचे कान लाल झाले. ती मुलगी म्हणजे निलोफर, नगरची, त्याची विद्यार्थिनी. मी कोण हे तिला कळलं तेव्हा ती बिचारी पळून गेली. माधवनं समजावलं, की ज्याच्या जनावरात जंतू सापडला त्याचं नाव सुरुवातीला नळीवर लिहिलेलं असतं, नंतर लांबलचक नंबर मिळतो, पण नंबर कोण बोलणार, म्हणून नावच तोंडात बसलं. मी म्हणालो, "पुस." तो म्हणाला, "नाव पुसलं तर कुठनं आला ते इसरतील. ह्यालाच नरम करून लस करायची हाय मला." मी म्हणालो, "मग तुझं लाव की त्याला! तू तर रोज त्याच्यासंगं बसतो." तो हसला. "माझ्यात सापडला न्हाई. सापडला तर लावीन." मीही हसलो. बोळात आम्ही दोघं किती मोठ्यानं हसलो होतो...

पुढची सगळी वर्षं तो त्या एका जंतूमागं होता. मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. जंतूला पुन्हा पुन्हा वाढवायचं, दर वेळी त्यातला कमी तिखट निवडायचा, असं करत करत त्याचे दात पाडायचे आणि मग तोच शेळीला टोचायचा, म्हणजे ती खऱ्या दुखण्याला ओळखते आणि गाभडत नाही. शेळ्यांवर लस चालली. पण टोचणाऱ्याच्या हातात चुकून सुई घुसली तर त्याला ताप येण्याची भीती होती. "दात पाडलं तरी हिरड्यांनी चावतोय," असं तो म्हणायचा. म्हणून त्यानं ती बाहेर काढली नाही. घाईची माणसं त्याला घाबरट म्हणाली. त्याला कसली भीती वाटते हे त्यानं मला एकदा वाड्याच्या दगडावर बसून सांगितलं होतं. म्हणाला, "पटकन मारनारा रोग लोकांना कळतो गेनबा. ह्यो मारत न्हाई. ह्यो हाडात बसून ऱ्हातो. मानूस इसरला की मग उठतो." गावी आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. रामराम नाही, पोरंबाळं कशी आहेत नाही. "यंदा किती गाभडल्या?" मी म्हणायचो, "आधी माझं नाव काढ, मग सांगतो." असं म्हणून उपरण्याखाली त्याच्या बोटांत आकडा द्यायचोच.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात आला. दुपारी दगडावर बसला तोवर ठीक होता. दिवेलागणीला त्यानं पिशवीतून स्वेटर काढला. वैशाखात स्वेटर! मग उठताना एक हात कमरेवर ठेवला, अगदी सदा ठेवतो तसा. वाड्यातून सदा बघत होता, त्याच्या हातातली पाटी तशीच राहिली. मी विचारलं, "कदी?" तो म्हणाला, लई जुनी गोष्ट हाय, मशीनमध्ये जंतूची नळी फुटली हुती, गोळ्या घेतल्या, बरा झालो. "बरा झालो," असं तो पुन्हा म्हणाला आणि लगेच विचारलं, "यंदा किती गाभडल्या?" त्या वर्षी एकही नव्हती. ते कळल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं. पण तो कपाळाला आठी घालून शेळ्यांकडं बघत राहिला, जणू मी काही झाकतोय... किंवा शेळ्या झाकतायत.

थंडीत त्याला दवाखान्यात ठेवलं. जंतू हृदयाच्या झडपेवर जाऊन बसला होता. मी भेटायला गेलो तेव्हा त्याचं नाक सुरीसारखं दिसत होतं. बोलताना धाप लागायची, म्हणून मी खांद्यावरचं उपरणं काढून त्याच्या हातावर टाकलं आणि खाली त्याचा हात धरला. वहिनी रडता रडता हसल्या. म्हणाल्या, "इथंसुद्धा का भावजी?" मी म्हणालो, "आता शेवटचं बोल माधव. माझं नाव काढतो का तुझं लावतो? एक काय ते ठरव." त्याची बोटं गार होती.  मग त्यानं माझा पंजा आवळला, त्या अंगात होता तेवढा जोर लावून. सौदा पटला. मी एसटीनं घरी आलो ते जिंकल्यासारखा. म्हटलं, सुटलं एकदाचं माझं नाव.

तो गेल्यावर तेरावं-चौदावं झालं, लोकांची भाषणं झाली, आणि मी पुण्याला गेलो. सौदा झालेला माल ताब्यात घ्यायचा माझा रिवाज आहे. निलोफर आता तिथं मोठी अधिकारी आहे. तिनं मला एका काचेपर्यंत नेलं, त्यापुढं जाता येत नाही. आत पांढऱ्या कपाटाएवढा फ्रीज घुमत होता. मी म्हणालो, "नाव काढायला सांगितलं आसंल त्यानं." तिनं मान हलवली. "नाही काका. सरांनी स्वतःचं रक्त इथं पाठवायला लावलं होतं. त्यात जंतू वाढला. तपासला तर तोच निघाला, तुमच्या वाड्यातला. सर म्हणाले, गेनबाला हात लावू नका. त्याच्या शेजारी नवी नळी ठेवा आणि तिच्यावर माधव लिहा. म्हणाले, मी शब्द दिलाय."

मी भडकलो. त्या बोळात उभा राहून ओरडलो, की ही फसवणूक आहे, सौदा असा नव्हता झाला, मेल्यावरसुद्धा हा माणूस माझ्यावर बाजी मारतोय. तिनं माफी मागितली नाही. त्याच्याच तालमीतली. ओरडून झाल्यावर मी काचेला नाक लावलं. विचारलं, "जित्ते हायत का आतले?"

"हो काका. दोन्ही जिवंत आहेत."

एका बाकावर बसलेले, शेजारी शेजारी. फ्रीज घुमत राहिला.

मी जायला निघालो तेव्हा तिनं मागून विचारलं, "काका, यंदा किती गाभडल्या?" त्याच्याच सुरात. कोल्हारकडची माणसं नुकतीच परतली होती. वाड्यात नव्या शेळ्या आल्या होत्या, आणि गेले काही दिवस मी आणि सदा पहाटे उठून काय पुरत होतो ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. पहिला फोन कुणाचा, पहिला खड्डा कुणाच्या दारात, हे मला पाठ होतं. माझा हात आपोआप उपरण्याकडं गेला. पण निलोफरच्या हातावर कसं टाकणार... मी ते पुन्हा खांद्यावर नीट घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा आकडा तोंडानं सांगितला, मोठ्यानं, बोळात ऐकू जाईल असा.

 आकडा ऐकून तिनं बर्फाचे डबे काढायला सांगितले आणि एकदा फक्त फ्रीजच्या दाराकडं बघितलं.