लांब प्रार्थनेतला रस्टी

गेरिट वान रूकल यांचा देवावर जितका विश्वास, तितकाच स्वतःच्या नजरेवर. पहिला आयोवातल्या त्या गावाला मान्य होता. दुसऱ्यावर गाव पोट धरून हसायचं. एप्रिलात काळ्या पाखरांचे थवे उत्तरेला निघाले की गेरिट त्यातला दुर्मिळ पक्षी दिसला म्हणून "रस्टी आला!" अशी आरोळी ठोकायचे, आणि निघायचा त्याचाच साधा भाऊबंद, ब्रुअर. एकदा तर चांगला लांब शेपटीचा ग्रॅकल निघाला. आता चूक होण्यासारखी असते म्हणा. वसंतात रस्टीची तांबूस झाक झिजून जाते आणि दोन्हींचे नर सारखेच काळेकुळकुळीत, फिकट डोळ्यांचे. ओळखायचं ते बायकोवरून: रस्टीणीचे डोळे फिकट, ब्रुअरच्या मादीचे काळे. पण इतक्या जवळून बघू कोण देतं?

त्या रविवारी देवानं बघू दिलं. डॉमिनींची, म्हणजे पाळकांची, लांब प्रार्थना सुरू झाली, माना खाली गेल्या, आणि चर्चच्या खिडकीखालच्या डबक्यात थवा उतरला. एक मादी ओली पानं उलटत होती. डोळे फिकट! "आमेन" झालं नि थवा उडाला.

गावच्या पक्षिमंडळाच्या फळ्यावर पक्षी पाहणाऱ्याचं नाव लागायचं तर दुसरा साक्षीदार हवा. खाली तळघरात, कॉफीच्या वेळी गेरिटनी विषय काढलाच.

"आज खिडकीखाली रस्टी होते. कुणी पाहिले?"

"कधी?" बायकोनं, हेनरिएटानं विचारलं.

"असेच... मधे."

"मधे म्हणजे? डॉमिनी आजाऱ्यांसाठी मागणं मागत होते तेव्हा?"

गेरिट बदामाचं बिस्किट न्याहाळू लागले. प्रार्थनेत डोळे किलकिले करणाऱ्या पोरांना दटावणारे चर्चचे पंच तेच. बाकीच्यांचे चेहरे मात्र धुतल्या तांदळासारखे.

"आम्ही बाई डोळे मिटून होतो," कॉफी ओतणारी विल्मा म्हणाली. "डबक्यात एवढी गर्दी, आम्हाला काय कळतंय त्यातलं!"

हेनरिएटाचा भाऊ आर्लो गप्प राहता तर पुण्यवान ठरता. पण गेरिटचं नाव फळ्यावर?

"काळे होते तिचे डोळे! ब्रुअरच तो!"

"म्हणजे तूही बघत होतास!"

"बघत होतो म्हणून तर सांगतोय, येड्या!"

"फिकट होते, आर्लो," डॉमिनी म्हणाले, आणि मग कप तसाच हातात धरून उभे राहिले.

गेरिट उड्या मारतच खडू आणायला निघाले. हेनरिएटानं बाही धरली. "साक्षीदार म्हणून कुणाचं नाव लिहिणार?"

फळा त्या वर्षी कोराच राहिला. पुढच्या रविवारपासून खिडकीला पडदा आला. ठराव डॉमिनींचा, अनुमोदन आर्लोचं.