बिन डावरा

उशीच्या अभ्र्याच्या दोन बाजू शिवून झाल्या होत्या. तिसरी तशीच सोडून कात्री खाली ठेवावी लागली, कारण दारात भाऊजी उभे होते, माझ्या नवऱ्याचे मोठे चुलत-चुलतभाऊ. काखेत त्यांनी लिहिलेल्या घराण्याच्या इतिहासाचे कच्चे छापील कागद.

"वहिनी, तुमचं शुद्धलेखन चांगलं. एकदा नजर घाला आणि परस्पर छापखान्यात द्या. माझा गुडघा तो जिना चढू देत नाही."

ते गेल्यावर मी आधी आमचं पान शोधलं. आमचं पान नव्हतंच. दोन भावांपैकी थोरल्याचा, म्हणजे भाऊजींच्या आजोबांचा, पानंच्या पानं गौरव. धाकट्यापुढे दोनच शब्द: 'डावरा. निपुत्रिक.'

निपुत्रिक! मग माझे सासरे काय झाडाला लागले होते?

डावरा म्हणजे माझे आजेसासरे. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण गेलं वर्षभर जुनी दप्तरं धुंडाळून त्यांना तुकड्या-तुकड्यांनी गोळा केलंय. सासूबाईंचा हट्ट. त्यांना आता दिसत नाही. "पुस्तकात ह्यांचं नाव आलं की ते पान नुसतं माझ्या हातात दे," म्हणतात. सासऱ्यांना हयातभर 'कुणाचं कोण जाणे' हे ऐकावं लागलं होतं.

शाळेच्या दप्तरात डावऱ्याविषयी शेरा आहे: 'डाव्या हाताने लिहितो. हात बांधूनही सुधारत नाही.' पुढे नावावर काट. मग तो बापाच्या सुऱ्या-कात्र्यांच्या दुकानात बसला. बापाला सगळे लांब्या म्हणत, आणि त्या काळचा कारकून हाक मारायचं नावच लिहून मोकळा होई. लांब्या गेला. डावऱ्याने दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या विधवेशी लग्न केलं, आणि थोरल्याने त्याचं धार लावायचं चाक उचलून रस्त्यावर फेकलं. हे सासूबाईंनी सांगितलेलं. मला ते खरं वाटलं ते परवान्याची नोंद सापडली तेव्हा: 'फिरता धारवाला. चाक एक, कडेला फुटके.'

त्या फुटक्या चाकाची गाडी डावरा रोज सकाळी पहिली उभी करी ती थोरल्याच्या दुकानासमोर. गिऱ्हाईक असो नसो, फळ्या उघडायच्या आत आरोळी: "धाऽऽर!" अंगात ताप असला तरी. मरेपर्यंत त्यात खंड नाही. माझ्या हातातली कात्री त्याच चाकावर धार लावलेली. अजून कापते.

संध्याकाळी सासऱ्यांच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल घेऊन मी भाऊजींकडे गेले.

"भाऊजी, हे वाचा. 'गोऱ्या बिन डावरा.'"

"वाचलंय मी. बिनकामाचा, बिनडोक, तसा हा बिन डावरा. डावरा नसलेला. उजव्या हाताचा असेल पोरगा, कुणाचा का असेना!"

जाऊबाई आतून म्हणाल्या, "कुणाचा ते त्या फरशीवालीलाच विचारायला हवं होतं, बाई!" दोघं पोट धरून हसली.

"जुन्या दप्तरात बिन म्हणजे मुलगा. डावऱ्याचा मुलगा गोऱ्या. तुम्हाला चांगलं ठाऊक आहे."

"पुस्तक माझं आहे, वहिनी. मी लावला तोच अर्थ."

"सगळीकडे तोच?"

"सगळीकडे!"

"मग कागदावर तसं लिहून द्या. छापखानेवाला मला विचारेल."

त्यांनी ऐटीत लिहिलं, 'बिन या शब्दाचा अर्थ सर्वत्र एकच ठेवावा,' आणि खाली झोकदार सही ठोकली.

घरी येऊन मी दुसरं पान काढलं. तिथे त्यांच्या आजोबांची नोंद दप्तरातून जशीच्या तशी उतरवलेली: 'थोरला बिन लांब्या.' लाल पेनाने मी त्यापुढे अर्थ भरला: 'म्हणजे लांब्या नसलेला. कुणाचा का असेना.' शुद्धलेखन दोनदा तपासलं.

प्रार्थनेला बसले. 'जशी आम्ही इतरांना क्षमा करतो' या ओळीपाशी जीभ अडली. देवा, क्षमा मी करणार आहे, पण पुस्तक छापून आल्यावर.

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या रुसल्याच. "म्हणजे ह्यांचं नाव नाहीच आलं. तुझ्या भाऊजींची फजिती घेऊन मी काय करू?"

"ऐका तर. पुस्तक वाटायला सगळा गोतावळा जमणार. कुणीतरी विचारणारच, थोरल्याचा बाप कोण? मग भाऊजींना चारचौघांत ओरडून सांगावं लागेल, बिन म्हणजे मुलगा! तेवढ्यात मी गोऱ्याचा दाखला पुढे करते. तोही मग डावऱ्याचा मुलगा, त्यांच्याच तोंडून."

सासूबाईंनी चाचपून माझ्या हातातले कागद बाजूला सारले. मग म्हणाल्या, "पान नको मला. त्या दिवशी पुढच्या रांगेत बसव."

अभ्र्याची तिसरी बाजू आता शिवून झाली. उद्या सकाळी कागद घेऊन छापखान्यात जायचं आहे.