पाटीवर नाव माझं, दगड सुभद्राक्काचा

फोन आला तवा मी भात्यापाशी बसून एकाच्या कुदळीला धार लावून राह्यल्तो. नंबर सुभद्राक्काचा. "आज किती दगड सापडले रे, नामा?" असं ती रोज छेडायची, म्हणून मी आवाज बदलून म्हणलं, "नामा लोहार घरी न्हाई, दगड शोधाया गेलाय." पलीकडून तिचा लेक म्हणला, "काका... माय गेली." मी "बरं" म्हणलं अन् फोन ठेवला. माणूस गेल्यावर "बरं" म्हणणारा आख्ख्या मंठ्याच्या बाजारात मी एकटाच असंल.

मी शाळेत गेलो न्हाई. हे मी सांगून राह्यलो अन् अक्काची नात पल्लवी लिव्हून राह्यली. आमच्या गावाच्या वढ्यापल्याड पांढरीचं टेकाड हाये, खाली जुनं गाव गाडलेलं. बऱ्याच वर्षांमागं तिथं खोदाईवाले सर आल्ते. सुभद्राक्का मजुरीला होती. एक दिवस जुन्या चुलीपाशी तिच्या खुरप्याला काळा गोळा लागला, नारळाएवढा. लोहार म्हणून सरांनी मला बोलावलं. गावात मला कोणी टाइम विचारत न्हाई, अन् इथं डायरेक सर विचारून राह्यले! मी छाती काढून गेलो, गोळा हातात न घेताच पायानं ढकलला अन् म्हणलं, "कीट हाये सर. लोखंड गाळल्यावर उरतो तो कचरा." अंगठा असा ठेचला की डोळ्यात पाणी आलं, पर तोंडावर दावलं न्हाई. सरांनी गोळा मातीच्या ढिगावर टाकायला लावला. अक्का म्हणली, "नामा, उचलून तरी बघ. कीट एवढं जड असतं व्हय?" मी म्हणलं, "अक्का, लोहार तू का मी?" संध्याकाळी ती गोळा डोक्यावर घेऊन माझ्या दारात. "लोहार तूच बाबा. मंग ठेव हे सांभाळून. फेकू नको बिलकुल."

सांभाळला... म्हणजे त्याचा नांगराचा फाळ करायला गेलो, दोन छिन्न्या मोडल्या, अन् मंग दाराला टेकू म्हणून लावला. लई वर्षांनी तेच सर गावात आले, माझ्या दारात त्यांना तो दिसला. तपासायला नेला. परत आले ते उड्या मारतच. "नामदेवराव, हे लोखंड जमिनीतलं न्हाई, आभाळातून पडलंय! जुन्या लोकांनी उचलून घरात आणून ठेवलेलं. बघा, त्यांच्या हातोड्याच्या खुणा!" मी म्हणलं, "सर, त्यातल्या चार-पाच माझ्या हायेत." सर हसले न्हाईत.

मंग मालक निघाले. टेकाड ज्यांच्या वावरात, ते पाटील म्हणले, जमीन माझी तर दगड बी माझा. काही जण शेंदूर घेऊनच आले. शेवटी सरकारी साहेब आले, म्हणले, जमिनीतून निघालेलं सरकारचं, म्युझियमात जाईल. फकस्त सांगा, सापडला कोणाला? अक्का त्या दिवशी लेकीकडं घनसावंगीला गेल्ती. सर नव्हते, अन् त्यांच्या वहीत कचऱ्याची नोंद कशी असंल? फोटोवाला समोर उभा. मी म्हणलं, "मला." एकच शब्द... पंचनाम्यावर माझा अंगठा, पेपरात माझा फोटो, अन् पुढं म्युझियमात दगडाखालच्या पाटीवर बी माझंच नाव.

अक्का आली, पर भांडली न्हाई. चारचौघात म्हणली, "बरं झालं फोटोखाली नाव छापलं. न्हाईतर दगड कोणता अन् नामा कोणता, कळलं नसतं." सगळे हसले, मी सगळ्यात जोरात. एकदाच, तूर पाखडता पाखडता, खाली बघून म्हणली, "आमच्या मायचं नाव कुठंच लिव्हलेलं न्हाई रे. माझं एका जागी असतं, तर पल्लवीला नेऊन दावलं असतं." मी म्हणलं, "अक्का, शुक्रवारी जाऊ, साहेबाला खरं सांगू." किती शुक्रवार गेले... कधी मला ताप आला, कधी मी आणला.

अक्काच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात लोक तिच्याबद्दल दोन शब्द बोलून राह्यले होते. मी उठलो तर लोक हसायच्या तयारीतच. म्हणलं, "दगड मला न्हाई सापडला. अक्काला सापडला. मी त्याला कचरा म्हणलो होतो." कोणीच हसलं न्हाई. खाली बसलो तर पल्लवी जवळ आली. "आजोबा, हे कागदावर द्याल?"

दोघं जालन्याला गेलो. म्युझियमातला कारकून म्हणला, "पुरावा काय?" म्हणलं, "मीच." "तुम्ही कोण?" "खोटं सांगितलं तो." "तवा खोटं सांगितलं, मंग आता खरं कशावरून?" बराबर बोलला तो. तरी अर्ज घेतला, अंगठा घेतला, वर पाठवतो म्हणला.

पाटी अजून तीच हाये. मी दर शुक्रवारी जातो, काचेपाशी उभा राहतो. मला वाचता येत न्हाई, पर नाव कुठल्या ओळीत हाये ते पल्लवीनं दावलंय. परवा एक नवरा-बायको आल्ते. बाई पाटी वाचायला लागली. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. "ताई, हे नाव चुकीचं हाये. सुभद्रा पायजे."

नवरा म्हणला, "अन् तुम्ही कोण सांगणार?"

म्हणलं, "ते लिव्हलंय ना, तोच."

नवरा हसला. बाई न्हाई हसली. तिनं पाटी पहिल्यापासून परत वाचली, मोठ्यानं... अन् माझ्या बोटापाशी आली तवा थांबून म्हणली, "सुभद्रा."