रोटाच्या गव्हातली मूठ

नवरा गेल्यानंतरच्या पहिल्याच श्रावणात, कानबाई देवीच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू मोजताना धाकट्या दिरानं आमच्या घराची मूठ घेतलीच नाही. आमच्या खानदेशात रोटासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, आणि माझ्या घरात उरलो होतो मी अन् माझी मुलगी. आम्हाला जेवायला वाढलं, आग्रहानं वाढलं; पण त्या गव्हात आमची मूठ नव्हती.

मी विचारलं, तर दिरानं पोथीकडे बोट दाखवलं. चोपड्याच्या माझ्या सासरघरी श्रावणभर तोच पोथी वाचायचा. म्हणाला, "पोथीमाच लिखेल शे, वहिनी. समुद्र घुसळा गड्यास्नी, अमृत बी त्यास्लेच भेटनं." म्हणजे समुद्र घुसळला पुरुषांनी, अमृत त्यांनाच, म्हणून मूठही त्यांचीच.

जळगावला परतताना मी तीच पोथी विकत घेतली. वर्षभर जीव थाऱ्यावर नव्हता. शाळेत फळ्यावर लिहितालिहिता हात थांबायचा, रिक्षात बसले की उतरायचा चौक मागे पडायचा. मंथनाचा अध्याय पुन्हा पुन्हा काढायची. दोर ओढणारे दोन्हीकडे, देव अन् दानव; अमृत मात्र देवांनाच. म्हणजे दिराचं म्हणणं पोथीतही धड नव्हतं. हे त्याच्या तोंडावर फेकावं, असं वाटे. पण त्यापुढे वाचवत नसे. आधी वर येतं ते विष, तिथंच अडकायचे.

एकदा भांडी घासताना लक्षात आलं, ही घुसळण कुठल्या जुन्या समुद्रात नाही, माझ्यातच चाललीय. एक टोक म्हणतं, गप्प बस, माणसं तुटतील. दुसरं म्हणतं, का म्हणून गप्प बसू? आणि दिराबद्दलचा हा जळफळाट, तेच वर आलेलं विष. ते आलं म्हणून दोर सोडायचा नसतो. हा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता, आणि तो कुणाकडून पक्का करून घ्यावा असंही वाटलं नाही.

पुढच्या श्रावणात दीर सूप घेऊन बसला. मी पुढे झाले. मनात राग नव्हता, याचं मलाच नवल वाटलं. वाकून शेजारच्या पोत्यातल्या गव्हाच्या दोन मुठी सुपात टाकल्या, एक माझी, एक मुलीची. हे पोथीला धरून नाही, असं तो म्हणाला.

"मी वाचलीय पोथी, भाऊ," एवढंच मी बोलले.

भिंतीला टेकलेल्या सासूबाई, स्वतः कितीतरी वर्षं विधवा, सरकत पुढे आल्या. पोत्यात हात घालून त्यांनी मूठ भरली आणि लेकापुढे धरली.

"मन्ही बी घे."

दिरानं सूप पुढे केलं.